चाळीस टक्के काच आणि तडकलेला ब्रॅकेट

काच भरलेला नायलॉनचा दाणा पहिल्यांदाच चालवणार आहेस म्हणे. तर भोसरीच्या शेडमध्ये माझे हात पोळून जे कळलं ते आधी ऐक.

एका गिऱ्हाइकाचा ब्रॅकेट बोल्टच्या भोकापाशी तडकायचा. मी शहाणा, 30 टक्के काचेचा दाणा काढून 40चा लावला. तरी तिथंच तडा! मग टूलरूममधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तुटलेला तुकडा उन्हात धरून दाखवला. भोकाच्या पिनला वळसा घालून रसाचे दोन ओघ पलीकडे भेटतात. तंतू त्या सांध्याच्या कडेकडेनं निजतात, सांधा ओलांडून जात नाहीत. म्हणजे तिथं काच असून नसल्यासारखी. गेटची जागा हलवली, सांधा बोल्टच्या ताणापासून लांब गेला, तक्रार बंद झाली. महागडा दाणा मात्र दोन महिने फुकट गेला.

दुसरं, तंतू लांब राहू दे. रंग नीट मिसळावा म्हणून ऑपरेटर बॅक प्रेशर चढवतो आणि स्क्रूमध्ये काचेचा भुगा होतो. टिचभर पिनगेटनंही तेच. रनर दळून परत घालायचा मोह प्रत्येकाला होतो. माझा हात 20 टक्क्यांवर थांबतो. पार्ट जाळून राख तोललीस तर काच पुरेपूर भरेल, पण ती आखूड झाली हे काट्याला कळत नाही.

साधं नायलॉन 66 दीडेक टक्का आकसतं. 30 टक्के काच घातली की रसाच्या ओघात अर्ध्या टक्क्याच्या आत आणि आडवं त्याच्या दुप्पट. मग सपाट झाकण पापडासारखं वळतं. कूलिंगचा वेळ वाढवत बसू नकोस. सपाटपणाच हवा असेल तर काचेसोबत खनिज घातलेला दाणा माग.

दाणा 80 अंशांना चार तास वाळव. मोल्डही तेवढा तरी तापव, नाहीतर तंतू वर येऊन पार्ट पांढुरका दिसतो. गेटचा इन्सर्ट कडक केलेल्या पोलादाचाच घे, मऊ पोलादाला काच कानशीसारखी खाते.

आणि ग्राइंडरपाशी जाताना बाह्या खाली घे, मास्क लाव. अंगात रुतलेली काच दोन दिवस खाजवते.