मिरचीवर आलेला आळ

एंडोस्कोपीत अल्सर निघाला की घरात पहिली गदा येते ती मिरचीवर. ठेचा बंद, लोणचं बंद, आमटीची फोडणीसुद्धा बंद. मग मऊ भात आणि दूध. माणूस चिडचिडा होतो, वजन उतरतं, आणि दुखणं जागच्या जागी.

तिखटाने अल्सर होत नाही. बहुतेक अल्सरमागे दोन कारणं असतात: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, नाहीतर वेदनाशामक गोळ्या. जंतूचं हे कारस्थान उघडकीला आणल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ साली नोबेल मिळालं. आपलं म्हणणं पटवायला मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन पाहिला होता!

गोळ्यांचं मात्र कुणी कबूल करत नाही. ‘काय काय औषधं घेता?’ विचारलं की ‘काही नाही, डॉक्टर.’ पिशवी उघडायला सांगितली की डायक्लोफिनॅकची अर्धी पट्टी निघते, गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली. तिच्यापुढे मिरची बापडी निरपराध. पण हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर ती मनाने थांबवू नका. आधी डॉक्टरांशी बोला.

जखम औषधाने भरते. जेवणाकडून आपल्याला एवढंच हवं, की तोवर त्रास कमी व्हावा आणि अंगात ताकद राहावी. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, केळं, अंडं, चालत असेल तर मासे, सगळं खा. जे खाल्ल्यावर तुम्हाला दुखतं तेवढंच काही आठवडे बाजूला ठेवा. शेजारणीला वांगं बाधतं म्हणून तुम्ही सोडायचं कारण नाही.

दुधाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यावर लोकांची फार श्रद्धा. पिताना गार वाटतं हे खरं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, आणि थोड्या वेळाने जळजळ पुन्हा हजर. आवडत असेल तर कपभर घ्या, औषध म्हणून दर दोन तासांनी नको. खायच्या सोड्याचंही तेच: घटकाभर आराम, आणि रक्तदाबवाल्यांच्या पोटात नको तेवढं सोडियम.

सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा, मग थेट दुपारी दोनला डबा, रात्री अकराला जेवण आणि लगेच आडवं होणं, ही दिनचर्या पुष्कळांना छळते. संकष्टीला दिवसभर चहावर राहून चंद्रोदयानंतर मोदकांवर ताव मारणारेही आलेच. जखम भरेपर्यंत उपास राहू द्या. बाप्पा समजून घेईल. बिडी-सिगारेटला सवलत नाही, तिच्यामुळे जखम लवकर भरत नाही. दारूही बंदच.

आम्ल कमी करणारी गोळी न्याहारीआधी अर्धा तास घ्यायची. जंतूवरचा कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडलात, तर जंतू शिल्लक राहतो आणि पुढच्या खेपेला तेच औषध त्याला पुरत नाही. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी जंतू गेल्याची तपासणी करून घ्या.

शौचाला डांबरासारखी काळी, चिकट झाली (लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, तेही डॉक्टरांना सांगा), उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, किंवा पोटात अचानक असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.