आजचा श्लोक 18.26 : यादी झाली, पण ती केली कोणी?



आज अठराव्या अध्यायातला 26 वा श्लोक. सात्त्विक कर्त्याची लक्षणं. खरं सांगायचं तर हा श्लोक मी याआधी तीन-चारदा वाचलाय आणि दर वेळी मोबाइलमधल्या यादीत ‘गीता, 10 मिनिटं’ यासमोर टिक करून पुढे गेलोय. या वेळी अडकलो, त्याला कारण आईचा फोन.

माझी रोजची यादी साधारण चौदा कामांची असते. ऑफिसची, घरची, बँकेची, आणि त्यातच ‘आईला फोन’. रविवारी तो केला. एकीकडे कपडे वाळत घालत होतो. गुडघा कसा आहे, गोळ्या घेतल्यास का, सगळं विचारलं. पाच-सहा मिनिटांनी आई म्हणाली, “ठेवू का रे आता? तुला कामं असतील.” आवाजात राग नव्हता. उलट तीच मला सोडवत होती. मी फोन ठेवला, टिक केली, आणि टिक करताना चक्क बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच नंतर लाज वाटली.

यादीच्या हिशेबाने चूक काहीच नव्हती. काम झालं होतं.

आता श्लोकाकडे येऊ. 23 ते 25 या तीन श्लोकांत भगवंत कर्माचे प्रकार सांगतात : सात्त्विक, राजस, तामस. आपल्याला वाटतं विषय संपला. पण लगेच 26 ते 28 मध्ये कर्त्याचे तीन प्रकार पुन्हा वेगळे येतात. मला आधी ही पुनरुक्तीच वाटली. कोड रिव्ह्यूमध्ये असं दिसलं असतं तर ‘डुप्लिकेट आहे, काढा’ अशी कॉमेंट मी नक्की टाकली असती. पण ते डुप्लिकेट नाही. कोणतं काम केलं हे एक खातं, आणि ते करणारा त्या वेळी कसा होता हे दुसरं. माझ्या यादीत दुसरं खातं उघडलेलंच नाही.

सात्त्विक कर्ता कसा? आसक्ती सुटलेला, ‘हे मी केलं’ असं न मिरवणारा, धृती आणि उत्साह असलेला, आणि काम साधलं काय, फसलं काय, आतून न हलणारा. या वर्णनात त्याने किती कामं केली याचा उल्लेखच नाही!

मला सगळ्यात आवडला तो ‘उत्साह’ हा शब्द. निष्काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोरड्या चेहऱ्याचा माणूस येतो, ज्याला कशाचंच काही वाटत नाही. गीता तसं म्हणत नाही. फळाची ओढ सुटली तरी कामातली गोडी राहिली पाहिजे. आणि उत्साहाच्या शेजारी धृती ठेवलीय, म्हणजे धरून ठेवण्याची ताकद. नुसता उत्साह असेल तर सोमवारी नवीन ॲप डाउनलोड होतं, रंगीत लेबलं लावली जातात आणि बुधवारी सगळं बारगळतं. (माझी अशी चार ॲप्स आहेत.) नुसती धृती असेल तर दात-ओठ खात काम पूर्ण होतं आणि घरच्यांना आपला तो चेहरा बघावा लागतो. दोन्ही एकत्र असलेले दिवस मला हाताच्या बोटांवर मोजता येतील.

माउलींनी या श्लोकावर दृष्टांत दिलाय तो चंदनाच्या फांद्यांचा आणि नागवेलीचा. चंदनाच्या फांद्या फळाचा विचार न करता सरळ वाढत जातात. नागवेलीला, म्हणजे आपल्या विड्याच्या पानाच्या वेलीला, फळ धरत नाही म्हणून कुणी तिला वाया गेलेली म्हणत नाही. पानच सगळं काही आहे. आईशी बोलणं हे असं पान आहे. त्यातून पुढे काही निघायचं नसतं. मी मात्र त्यालाही टिकचं फळ लावून ठेवलं होतं.

मग मी एक उद्योग केला. कामांच्या यादीशेजारी दुसरी यादी केली : ‘शांत राहणे’, ‘चिडचिड न करणे’, ‘प्रसन्न असणे’. चार दिवसांत वाट लागली. रात्री ‘शांत राहणे’ला टिक करता येईना, आणि त्याचीच चिडचिड! मनाची अवस्था हे पंधरावं काम करून टाकलं होतं मी. ती यादी पुसली.

आता फक्त एवढंच करतो. काम हातात घेण्याआधी क्षणभर थांबून स्वतःला विचारतो, हे आत्ता कोण करतोय? घाबरलेला, मिरवणारा, की नुसता उरकणारा? उत्तर आवडलं नाही तरी काम करायचंच. ‘मूड नाही, नंतर बघू’ ही सूट इथे नाही, कारण 28 व्या श्लोकात तामस कर्त्याच्या लक्षणांत ‘दीर्घसूत्री’ म्हणजे चालढकल करणारा स्पष्ट आलाय. पण उत्तर कळलं की हात थोडा सैल होतो. आणि हेही लक्षात आलं, की चौदा कामं अशी करता येत नाहीत. नऊ येतात. पाच काढावी लागली. त्यात माझं जपानी शिकणंही गेलं, आणि त्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

काल आईला परत फोन केला. ‘आईला फोन’ ही ओळ यादीतून काढली होती, त्यामुळे जरा धाकधूक होती की विसरीन. गॅलरीत नुसता बसून बोललो. अर्धा तास झाला, त्यातला निम्मा वेळ शेजारच्यांच्या मांजरीने आमच्या माळ्यावर पिल्लं घातली त्याबद्दल. बँकेचं काम राहिलं, ते आज करतो.

उद्या 18.27, राजस कर्ता. यश आलं की हरखणारा, गेलं की खचणारा. प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं की माझं काय होतं ते माझ्या टीमला विचारा. जय हरी.