'टँक' की 'लेक'?

भाषांतराच्या तासाला 'संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर फिरायला गेलो' हे वाक्य इंग्रजीत करावयाचे होते. मी रंकाळ्याला 'टँक' लिहिले. वर्गात हशा पिकला. "गच्चीवरच्या टाकीवर फिरायला गेला होतास काय?" असे मागच्या बाकावरून कोणी विचारले. सरांनी शब्द खोडून 'लेक' केला. (मराठीत लेक म्हणजे मुलगी, हे मनात आले, पण बोललो नाही.) घरी मात्र चैन पडेना, म्हणून कोश उघडले.

'लेक' म्हणजे चहूबाजूंनी जमिनीने वेढलेले विस्तीर्ण पाणी. त्याला कर्ता असावाच लागतो असे नाही. 'टँक'ला मात्र कर्ता लागतोच. तो कोणीतरी खणलेला वा बांधलेला असतो. विलायतेत टँक म्हटले की लोखंडी टाकी डोळ्यांपुढे येते. हिंदुस्थानातील इंग्रजीत मात्र बांध घातलेला गावतलाव म्हणजे टँकच. 1886 साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात ह्या शब्दाच्या कुळीची चर्चा आहे. एक धागा पोर्तुगीजांकडे जातो, दुसरा गुजराती-मराठी 'टांके'कडे. सिंहगडावरचे देवटाके ज्याने पाहिले, त्याला दुसरा धागा सोडवत नाही! पुढे पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी नवे चिलखती वाहन गुप्त राखण्यासाठी 'ही पाण्याची टाकी आहे' अशी बतावणी केली आणि 1916 साली तेच नाव घेऊन ते रणांगणात उतरले.

आपला 'तलाव' दोन्ही अर्थ पोटात घेतो. राधानगरीच्या धरणाचा जलाशयसुद्धा आपल्याला 'लक्ष्मी तलाव'च.

मग रंकाळा कोण? मूळची ती दगडाची खाण असे सांगतात. दगडी बांध तर उघडच माणसाच्या हातचा आहे. म्हणून माझे मत अजून 'टँक'कडेच झुकते. 'लेक' म्हटले की ते निसर्गाचे देणे वाटते, आणि देण्याची डागडुजी कोणी करीत नाही. रंकाळ्यात सांडपाणी मिसळले, केंदाळ माजले, तेव्हा आपण काठावर भेळ खात उभे होतो.

कपिलतीर्थावर आज भाजी मंडई भरते, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. त्यांना 'टँक' म्हटल्याने ती वाचली असती असे मी म्हणत नाही. सरांशी वाद घालण्याचे धाडसही माझ्यात नाही. वहीतला खोडलेला शब्द मात्र पेन्सिलीने पुन्हा लिहून ठेवला आहे.