एक संगणक, दोन प्रकल्प आणि आवृत्त्यांचे भांडण



आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. संगणकाविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार तो काय? तरीही संस्थेच्या अभ्यासिकेत घडलेला एक प्रसंग येथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रकल्प सादर करण्यास चार दिवस उरले असताना एका विद्यार्थिनीचे पायथन भाषेतील काम अचानक बंद पडले. तिने एक अक्षरही बदलले नव्हते. मात्र आदल्या दिवशी त्याच संगणकावर दुसऱ्या मुलाने नवी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार संच, बसविली होती. त्या संचाला नमपाय या लायब्ररीची २ ही आवृत्ती हवी होती. मुलीचा प्रकल्प १.२६ वर उभा होता. पायथनच्या एका परिसरात एका लायब्ररीची एकच आवृत्ती नांदते. नवी आली की जुनी जाते. पडद्यावर इशारा उमटला होता, पण तो वाचला कोणी?

आवृत्तीच्या आकड्यांना सहसा अर्थ असतो. शेवटचा आकडा वाढला तर दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय, पहिला वाढला तर जुनी कामे मोडण्याचा संभव. नमपायचा पहिला आकडा २००६ नंतर थेट २०२४ साली बदलला, आणि अनेकांची कामे अडली.

उपाय सोपा आहे. बँकेत प्रत्येकाचे खाते वेगळे, तसा प्रत्येक प्रकल्पाचा परिसर वेगळा ठेवावा. ही 'वेनव्ह' नावाची सोय पायथनमध्ये २०१२ पासून आहे. 'पिप फ्रीझ' या आज्ञेने सर्व आवृत्त्यांची यादी काढून जपावी. 'पिप चेक'ने विसंगती तपासावी.

परंतु एकाच प्रकल्पातील दोन लायब्रऱ्या परस्परविरोधी आवृत्त्या मागू लागल्या, तर वेगळा परिसर पुरत नाही. तेव्हा दोघींना चालेल अशी आवृत्ती शोधावी. न मिळाल्यास एक लायब्ररी बदलावी किंवा काम दोन भागांत विभागावे.

त्या मुलीने अहवालाच्या शेवटच्या पानावर आवृत्त्यांचे आकडे लिहून ठेवले होते. त्यांवरून वेगळा परिसर उभारला आणि प्रकल्प वेळेत गेला. तो मुलगाही रात्री उशिरापर्यंत तिच्या मदतीला बसला होता. सामाईक वस्तू वापरताना शेजाऱ्याचे काम मोडणार नाही, एवढे पाहणे हाही अभ्यासच होय.