हाताला झाड लागत नाही म्हणे!

"ताई, काही काही लोकांच्या हाताला झाड लागतच नाही." नर्सरीवाला हे म्हणाला तेव्हा माझ्या हातातल्या पिशवीत साडेसहाशे रुपयांचं लाल ॲग्लोनेमा होतं. म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं ते. एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मागे उभ्या असलेल्या दोघी माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसल्या, ते अजून विसरले नाही.

माहेरी मोरीच्या पाण्यावर मी अळूचा वाफा पोसलेला. दर श्रावणात निम्म्या आळीला वड्यांची पानं आमच्याकडून जायची. आणि मला हा सांगतो, हात लागत नाही!

झाड घेतलं तेव्हा हाच माणूस मधाळ बोलत होता. "एकदम सोपं झाड आहे. अंधारात ठेवा, कुठंही ठेवा, रोज ग्लासभर पाणी घाला. हवा शुद्ध करतं, नासानं सांगितलंय." वर चारशे रुपयांची पांढरीशुभ्र सिरॅमिकची कुंडीही गळ्यात मारली, हॉलमध्ये शोभेल म्हणून. शोभली खरंच. त्या कुंडीला खाली भोक नव्हतं, हे मी पाहिलं नाही. ही माझी चूक, कबूल. पण विकणाऱ्याला तरी ठाऊक होतं की नाही?

पावसाळा सरता सरता पानं मान टाकायला लागली. झाड मलूल दिसलं की बाईमाणूस काय करणार? पाणी घालणार. मी सकाळी घालायचे. सासूबाई तांदळाचं धुवण ओतायच्या, मला न सांगता. ह्यांनीही दोनदा घातलं, कारण "माती सुकल्यासारखी वाटली". वरचा थर सुकलेला असायचाच. खाली काय चाललं होतं ते कुणी बघितलं नाही.

एका रविवारी पिवळं पान काढायला गेले, तर पानामागून अख्खी फांदी हातात आली. बुडाशी लिबलिबीत. आणि वास! तुंबलेल्या मोरीचा असतो तसा. वर्तमानपत्र पसरून कुंडी उलटी केली. तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं. कोकोपीट भिजलेल्या स्पंजसारखं. मुळं पांढरी, टणक असायला हवीत. ही तपकिरी होती आणि चिमटीत धरून ओढली की साल सुटून यायची, आत नुसता दोरा राहायचा. त्या लगद्याच्या मधोमध एक छोटी जाळीची वाटी निघाली. रोपं लहान असताना अशा वाटीत वाढवतात आणि पुढं ती तशीच मोठ्या कुंडीत बसवून विकतात. मुळं त्या जाळीत गच्च आवळलेली होती. मी तिथंच फरशीवर बसून राहिले. तीन महिने मी तहानलेल्याला पाणी पाजते आहे असं समजत होते, आणि ते बुडत होतं.

नंतर कळलं ते असं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली तर मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी वर ओढू शकत नाही. म्हणून भरल्या कुंडीत झाड तहानलेलं दिसतं. ॲग्लोनेमा अळूच्याच कुळातलं. मी त्याला भाऊबंदाच्या न्यायानं वागवलं, पण अळूला पाय पाण्यात चालतात, ह्याला नाही. आशियाच्या उष्ण, दमट जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या भुसभुशीत मातीत वाढणारं हे झाड.

तर आता ऐका. नवीन झाड आणलं की आठ-दहा दिवसांनी कुंडीतून काढून मुळं बघा. जाळीची वाटी असेल तर कात्रीनं हळूच कापून काढा. कुंडीला भोक हवंच. सिरॅमिकचीच हौस असेल तर झाड साध्या प्लास्टिकच्या भोकाच्या कुंडीत ठेवून ती आत ठेवा, आणि पाणी घालताना बाहेर काढा. माती, कोकोपीट, पर्लाइट आणि मूठभर गांडूळखत असं मोकळं मिश्रण करा. पाणी घालायचं ते बोट दोन पेरं आत खुपसून कोरडं लागलं तरच. मग मात्र खालून वाहेपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं फेकून द्या. माझ्याकडे पावसाळ्यात दहा-बारा दिवसांनी पाळी येते, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी. तुमच्या घरी वेगळं असेल. वाराचं वेळापत्रक करू नका, कुंडी उचलून बघा, वजन कळतं.

"अंधारात ठेवा" हीसुद्धा थापच. हिरव्या-रुपेरी जाती कमी उजेडात तग धरतात, पण लाल-गुलाबी जातींना खिडकीजवळचा भरपूर उजेड लागतो, नाहीतर रंग फिका पडतो. थेट दुपारचं ऊन नको, पानं भाजतात. डिसेंबरात पुण्याची थंडी बाधते. पारा पंधराच्या खाली जायला लागला की रात्री उघड्या खिडकीपासून लांब सरकवा. बाकी पानं ओल्या फडक्यानं पुसणं, पिठ्या ढेकूण दिसला की निंबोळी तेल फवारणं, हे सगळ्याच झाडांचं असतं तसंच.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर उंचावर ठेवा. कच्चं अळू खाजतं तेच इथंही: कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक, तोंड-घसा चुरचुरतो, सुजतो. छाटणी केली की हात धुवा.

आणि नासाचं. १९८९च्या त्या अभ्यासात बंद पेटीत झाडं ठेवून चाचणी केली होती, त्यात ॲग्लोनेमाची एक जात होती हे खरं. पण २०१९ साली अशा प्रयोगांचा फेरआढावा घेणाऱ्यांनी हिशेब मांडला, की घरात सहज खेळणारी हवा जेवढं काम करते तेवढं झाडांकडून हवं असेल तर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. आमच्या हॉलमध्ये मग माणसं कुठं बसणार? खिडकी उघडा, फुकट आहे.

झाडाच्या तीन फांद्यांपैकी एक बुडापासून चार बोटं वर टणक होती. धारदार सुरी पुसून घेतली आणि आतला गाभा स्वच्छ दिसेपर्यंत कापत गेले. एक दिवस तुकडा सावलीत सुकू दिला, मग काचेच्या ग्लासात पाण्यात उभा केला. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदललं. पाचव्या आठवड्यात पांढरी मुळं दिसली. सासूबाईंना धुवणाची जागा म्हणून कढीपत्ता नेमून दिला.

नर्सरीत गेले होते ती भांडायला नव्हे. एवढंच सांगायला, की बाबा, भोक नसलेली कुंडी देताना माणसाला सांगत जा. त्यानं पिशवीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. "पाणी जास्त घातलंत," म्हणाला. रोज ग्लासभर कुणी सांगितलं होतं, विचारलं तर "मी? नाही बुवा."

त्या तुकड्याला आता तीन वर्षं झाली. दोन फुटवे आले, एक नणंदेला दिला. परवा बसमधून त्या दुकानावरून गेले. पांढऱ्या कुंड्या दारातच रचलेल्या होत्या, विक्रीसाठी पालथ्या घातलेल्या. एकीलाही भोक नव्हतं.