‘हा आकडा कुठून आणला?’ : व्यवसायाचा अभ्यास आणि विद्यापीठाचे ग्रंथालय

माजी विद्यार्थी मेळाव्याच्या पंगती उठल्यावर आपल्या संस्थेची एक माजी विद्यार्थिनी जाडजूड फाईल घेऊन माझ्यापाशी आली. तिचे वडील वाशीच्या फळबाजारात हमाली करून निवृत्त झालेले. आंब्याच्या हंगामात पेट्या वाहताना पाहिलेले वडील आणि त्या पेट्यांची दरवर्षी होणारी ओढाताण, यांतून तिच्या आणि धाकट्या भावाच्या मनात एक विचार रुजला होता. तुर्भे परिसरात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना काढायचा. कर्जासाठी प्रकल्प अहवाल हवा, म्हणून तो एका मध्यस्थाकडून पैसे मोजून लिहून घेतला. बँकेतील अधिकाऱ्याने पाने उलटता उलटता एका ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, ‘हा आकडा कुठून आणला?’

मागणी दरवर्षी अमुक टक्क्यांनी वाढते, अशी ती ओळ होती. तिला उत्तर देता आले नाही. अहवाल लिहिणाऱ्यालाही ते देता आले नसते, कारण त्याच अहवालात दोन ठिकाणी ‘कोंबड्यांचे खाद्य’ हे शब्द तसेच राहून गेले होते.

मी वाणिज्य शाखेचा अध्यापक. या स्मरणिकेसाठी शालेय आठवणींचा लेख लिहावा, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. परंतु त्या फाईलीने माझी झोप उडवली होती. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्यांपैकी अनेक जण आज नोकरीऐवजी स्वतःचा व्यवसाय करू पाहतात. घरात पूर्वी कोणी दुकानही चालवलेले नसते. व्यापारी कुटुंबातील मुलाला बाजाराची माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. आपल्या मुलांना ती शोधून काढावी लागते. ती कुठे आणि कशी शोधावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

बँकेतील त्या अधिकाऱ्याचा प्रश्न मला अपमानकारक वाटला नाही. तो संशोधनाचा पहिला प्रश्न आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले ते १९१८ साली. त्याच वर्षी त्यांचा भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्या काळी डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची बारकाईने पाहणी केली होती आणि किफायतशीर शेत म्हणजे किती मोठे, यावर जाणकारांत चर्चा सुरू होती. बाबासाहेबांनी आकड्यांच्या आधी व्याख्येलाच हात घातला. कुटुंबाचे पोट भरते की नाही यावरून शेताचा आकार ठरवणे म्हणजे उपभोगाच्या बाजूने पाहणे. शेत हा उत्पादनाचा उद्योग आहे, म्हणून जमिनीला भांडवल, अवजारे आणि श्रम यांची जोड किती, हे पाहिले पाहिजे, असे त्यांनी मांडले. पुढे लंडनमध्ये शासकीय अहवालांच्या ढिगाऱ्यातून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध उभा केला आणि १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. त्यांच्या ग्रंथालयातील दीर्घ बैठकीच्या कथा आपण मुलांना नेहमी सांगतो; पण तेथे बसून ते नेमके काय वाचत होते, हे सहसा सांगत नाही. ते बव्हंशी अहवाल, कोष्टके आणि साक्षी वाचत होते.

असो. त्या विद्यार्थिनीला घेऊन मी मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात गेलो. नवी मुंबई आणि पनवेल परिसरातील अनेक महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथील पदवीधरांना हे ग्रंथालय परके वाटू नये. प्रवेशाचे नियम मात्र प्रत्येक ग्रंथालयात निराळे असतात. ओळखपत्र, आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे किंवा ग्रंथपालांचे पत्र, आणि आधी केलेली चौकशी, एवढी तयारी असली की बहुतेक दारे उघडतात.

आमची पहिली चूक तेथेच झाली. आम्ही ‘खोक्यांच्या धंद्यावरचे पुस्तक’ शोधू लागलो. असे एक पुस्तक नसते. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीने मांडलेल्या ग्रंथालयात उत्पादन व उद्योगांचे अर्थशास्त्र ३३८ या क्रमांकाखाली, हिशेबलेखन ६५७, व्यवस्थापन ६५८, कागद तयार करण्याचे तंत्र ६७६ आणि वेष्टनाचे तंत्र ६८८.८ येथे असते. एकच धंदा पाच कपाटांत विखुरलेला असतो. म्हणून पुस्तकाचे नाव घेऊन न जाता प्रश्न घेऊन जावे आणि तो ग्रंथपालांसमोर पूर्ण वाक्यात ठेवावा. ‘पॅकेजिंगवर काही आहे का?’ असे विचारले तर बोटाने कपाट दाखवले जाते. ‘वाशीच्या बाजारात आंब्याच्या हंगामात किती खोकी लागतात, हे मला काढायचे आहे,’ असे विचारले तर ग्रंथपाल खुर्ची ओढून बसतात. हा माझा अनुभव आहे.

त्या एका वाक्याचे मग तुकडे पडतात. बाजारात आंबा किती येतो? एका खोक्यात किती मावतो? लाकडी पेटीऐवजी पुठ्ठ्याचे खोके कितीजण घेतात? आज ते कोण पुरवतो? प्रत्येक तुकड्याचे उत्तर निराळ्या ठिकाणी असते.

आवकेचे आकडे बाजार समितीच्या नोंदीत असतात. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’वर आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाकडेही ते दिवसागणिक पाहता येतात. मात्र येथे दोन खड्डे आहेत. आवक क्विंटलमध्ये लिहिलेली असते, आणि हापूसचा व्यवहार पेटी व डझनात होतो. फळ लहान-मोठे असेल त्याप्रमाणे पेटीत साधारण चार ते आठ डझन बसतात. म्हणजे क्विंटलवरून खोक्यांची संख्या काढायची तर फळाचे वजन धरावे लागते, आणि ते वजन बाजारात प्रत्यक्ष उभे राहून तोलावे लागते. दुसरा खड्डा अधिक खोल आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. तेव्हापासून शेतकरी थेट गृहसंकुलांत, मॉलना किंवा ऑनलाईन विक्रेत्यांना माल देऊ शकतो. तो माल बाजाराच्या आवारात येत नाही आणि तेथील नोंदीतही येत नाही. २०१५ आणि २०१९ चे आकडे शेजारी ठेवून ‘आंबा घटला’ म्हणणाऱ्याने हा फरक आधी लक्षात घेतला पाहिजे. खोके बनवणाऱ्याच्या दृष्टीने तर हा फरकच महत्त्वाचा, कारण थेट घरपोच जाणाऱ्या आंब्याला लहान आणि देखणे खोके लागते.

उद्योगाच्या बाजूचे मुख्य साधन म्हणजे केंद्राची वार्षिक औद्योगिक पाहणी. तिच्यात शिरायची किल्ली म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातील क्रमांक. पुठ्ठा आणि पुठ्ठ्याची खोकी यांचा क्रमांक १७०२. तो माहीत नसेल तर माणूस ‘कागद’ या सर्वसाधारण शीर्षकाखालीच भटकत राहतो. आयात-निर्यातीच्या कोष्टकांत याच मालाचा क्रमांक ४८१९ आहे. हे दोन आकडे मी तिला फाईलीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवायला सांगितले. पण या पाहणीचीही मर्यादा आहे. तिच्यात मुख्यतः वीज वापरणारे किमान दहा कामगारांचे आणि वीज न वापरणारे किमान वीस कामगारांचे नोंदणीकृत कारखाने येतात. सहा माणसांची शेड त्या चौकटीत बसत नाही. तिचे प्रतिबिंब पाहायचे तर असंघटित क्षेत्रातील उद्योगांची स्वतंत्र पाहणी उघडावी लागते. राज्याचे एकंदर चित्र अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’त मिळते, ती दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी प्रसिद्ध होते, मराठीत असते आणि विनामूल्य असते. मराठी माध्यमातील पालकांनीही ती एकदा चाळावी.

स्पर्धकांची माहिती मिळणार नाही, असे तिला वाटत होते. नोंदणीकृत कंपन्यांना आपले ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सादर करावे लागतात आणि थोडे शुल्क भरून ते कोणालाही पाहता येतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल तर फुकट वाचता येतात. भांडवल उभारणीसाठी काढलेल्या माहितीपत्रकात ‘उद्योगाचा आढावा’ नावाचे प्रकरण असते. ते वाचावे, कारण कच्च्या मालाचे भाव, ग्राहक, जोखीम, सारे एका ठिकाणी सापडते. परंतु तो आढावा पुष्कळदा त्याच कंपनीने पैसे देऊन करून घेतलेला असतो, आणि तसे तेथे लिहिलेलेही असते. लग्न जमवणाऱ्याने केलेले वराचे वर्णन जितके खरे मानावे तितकेच ते मानावे. उलट ‘जोखीम’ हे प्रकरण वकिलांनी कायद्याच्या भीतीने लिहिलेले असते. मला ते अधिक विश्वासार्ह वाटते.

मग सशुल्क साधने. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे खरे मोल येथे कळते. सीएमआयईचा ‘प्रोवेस’ हा कंपन्यांच्या हिशेबांचा संच किंवा परदेशी नियतकालिके एकट्यादुकट्याला परवडणारी नसतात. संस्थेची वर्गणी असेल तर तेथे बसून ती वाचता येतात. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही केंद्राची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि सुमारे १३ हजार नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली. नवी मुंबईतील बरीच महाविद्यालये खाजगी असल्याने पहिल्या टप्प्यात ती या कक्षेबाहेर राहिली, हे खटकते. ‘शोधगंगा’ मात्र सर्वांना मोकळी आहे. देशभरातील विद्यापीठांत सादर झालेले पीएच.डी.चे प्रबंध तेथे वाचता येतात. सगळेच उत्तम नसतात, पण प्रत्येकाच्या शेवटी संदर्भसूची असते आणि एका चांगल्या सूचीने महिन्याची पायपीट वाचते. आम्हाला आंब्याच्या विपणनावरील एका प्रबंधातूनच पुढचे चार दुवे मिळाले. याशिवाय अंधेरी येथे १९६६ पासून कार्यरत असलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे. खोक्याची ताकद कशी मोजतात, हे वाशीहून तासाभराच्या अंतरावर शिकवले जाते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

टिपणे कशी काढायची, यावर मी फार बोलत नाही. तिच्याकडून फक्त एक वही करून घेतली. डाव्या पानावर आकडा. उजव्या पानावर तो कोणी मोजला, कधी मोजला, कोणत्या व्याख्येने मोजला आणि कोणत्या पानावर सापडला. उजवे पान रिकामे असेल तर डाव्या पानावरचा आकडा अहवालात जाणार नाही, असा नियम. पहिल्या महिन्यात निम्मी वही खोडावी लागली. ती रडकुंडीला आली होती, हे तिच्या परवानगीने लिहितो.

वहीतून जे निघाले ते तिला आवडणारे नव्हते. हापूसचा जोर मार्च ते मे एवढाच. उरलेले महिने यंत्र बसून राहणार आणि हप्ता मात्र बाराही महिने जाणार. नियोजित यंत्राचे कर्ज त्या हिशेबात बसत नव्हते. भावाशी तिचे दोनतीन दिवस बोलणे बंद होते. अखेरीस त्यांनी कागदाला नळ्या पाडण्याचे मोठे यंत्र घ्यायचे नाही असे ठरवले. तयार पुठ्ठा विकत घेऊन कापणे, घड्या घालणे आणि छपाई एवढेच काम धरले, आणि घरपोच आंबा पाठवणाऱ्या बागायतदारांसाठी एक व दोन डझनांची खोकी करायचे योजले. कर्जाची मागणी निम्म्याहून खाली आली.

नवा अहवाल घेऊन ती त्याच बँकेत गेली. अधिकारी बदललेले होते. त्यांनीही एका ओळीवर बोट ठेवले. तिने पिशवीतून वही काढली आणि उजवे पान त्यांच्यासमोर धरले. अर्ज अजून विचाराधीन आहे. दरम्यान ऑक्टोबरपासून फळबाजारात डाळिंब, सीताफळ आणि संत्र्याची वर्दळ सुरू झाली आहे, आणि ती दर शनिवारी पहाटे वजनकाटा घेऊन तेथे उभी असते.