आईचा ताप वारेपलीकडे किती जातो?

प्रश्न : सुनेला सहाव्या महिन्यात डेंगू झाला. आता ती बरी आहे. पण तापात रक्तात सायटोकाइन वाढतात म्हणे. ते वारेतून बाळाच्या अंगात जातात का?
– एक वाचक, चांदूर रेल्वे

उत्तर : बहुतेक सायटोकाइन, म्हणजे दाहाचे संदेश पोचवणारे रेणू, फारसे जात नाहीत. पण तेवढ्यावर काळजी मिटत नाही.

वार ही चाळणी असती तर हलका रेणू गेला असता आणि जड अडला असता. घडतं उलटंच. आईचं आयजीजी हे प्रतिपिंड आयएल-६ या सायटोकाइनपेक्षा सुमारे सहापट जड. तरी ते पलीकडे पोचतं, कारण त्याला उचलून नेणारा खास ग्राही वारेच्या पेशींत असतो. आयजीएमला तो धरत नाही, म्हणून ते अलीकडेच राहतं. गरोदर बाईला धनुर्वातावरचं टीडीचं इंजेक्शन देतात ते आयजीजीच्या याच वाटेच्या भरवशावर. भारतात माता व नवजात धनुर्वाताचं उच्चाटन २०१५ साली जाहीर झालं, त्यात या लसीकरणाचा मोठा वाटा आहे.

सायटोकाइनचं काय? अमेरिकेतल्या संशोधकांनी २००४ साली बाळंतपणानंतरच्या ताज्या वारेतून द्रव फिरवून पाहिला. टीएनएफ-अल्फा आणि आयएल-१ जवळपास अडले, आयएल-६ मात्र दोन्ही बाजूंना गेलं. इतर प्रयोगांत तेही अडलेलं दिसलं, त्यामुळे यावर एकमत नाही. शिवाय त्या वारा पूर्ण दिवसांच्या होत्या. सहाव्या महिन्यातली वार तशीच वागेल असं धरून चालणं मला घाईचं वाटतं.

आणि रेणू अडला म्हणून त्याचा परिणामही अडतो असं नाही. वार स्वतःच सायटोकाइन तयार करते. उदाहरण मलेरियाचं घ्या; मेळघाटाला तो नवा नाही. त्यातल्या फाल्सिपेरम प्रकारात जंतू वारेत साठतात, तिथे दाह होतो आणि जंतू बाळापर्यंत न पोचताही त्याचं वजन कमी भरू शकतं. म्हणून सुनेच्या तपासण्या चुकवू नका, बाळाची वाढ सोनोग्राफीत पाहून घ्या. डेंगूचा विषाणू स्वतः बाळात जाण्याचा धोका मुख्यतः बाळंतपणाच्या तोंडावर ताप आला तर असतो.

एक गोष्ट मात्र बाळाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा : गरोदरपणात सुनेला डेंगू झाला होता. डेंगूविरुद्धचं आईचं आयजीजी बाळात जाईल आणि सुरुवातीचे काही महिने त्याला सांभाळेल. पुढे ते ओसरताना, साधारण सहाव्या ते नवव्या महिन्यात, तेच अर्धवट उरलेलं प्रतिपिंड डेंगू जास्त तीव्र करू शकतं. त्या वयात बाळाला ताप आला, तर घरी वाट पाहत बसू नका.